पार्सलमधून आलेल्या क्रीमला इथे जबाबदार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका ज्येष्ठ वाचकाचे पत्र आले होते. परदेशी संकेतस्थळांवरून क्रीम आणि सीरम मागवणाऱ्या मुलींना त्यांनी चांगलेच फैलावर घेतले आहे. हळद, बेसन, दुधाची साय सोडून कोरियाच्या डब्यांवर पैसे उधळणारी पिढी, असा त्या पत्राचा एकूण सूर. मी अकोल्यात मेडिकल चालवते. नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. ज्या मुलींबद्दल ते लिहितात त्या रोज माझ्या काउंटरसमोर उभ्या असतात, त्यांच्या हातातले डबे मी उलटेसुलटे करून वाचते. पत्रलेखकांची काळजी खरी आहे, पण तिचा रोख चुकला आहे, असे मला वाटते. विषय अनेक घरांतला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी या मुली कोण आहेत ते सांगते. नर्सिंगच्या विद्यार्थिनी, खासगी बँकेत फिल्डवर फिरणाऱ्या मुली, स्कूटीवरून तीन-तीन गावे करणारी अंगणवाडी सेविका, एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या. अकोल्याचे ऊन मी वेगळे सांगायला नको. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा दुपारी बारा वाजता रस्त्यावर असलेल्या बाईच्या गालावर वांग येतो, तो काही नटण्याच्या हौसेतून येत नाही. तिला सनस्क्रीन हवे असते. वर्षानुवर्षे आपल्या बाजारात मिळणारी बरीचशी सनस्क्रीन सावळ्या चेहऱ्यावर पांढरा थर सोडायची. घाम आला की तो थर ओघळायचा, डोळ्यांत जायचा, आणि आठवड्याभरात ट्यूब कपाटात पडायची. कोरिया आणि जपानमधली सनस्क्रीन पाण्यासारखी हलकी असतात आणि थर सोडत नाहीत. त्यामागे कारण आहे. तिथल्या नियमांत नवे अतिनील किरण शोषणारे घटक वापरायला परवानगी आहे. अमेरिकेत सनस्क्रीन औषध म्हणून गणले जाते, त्यामुळे तिथे असे काही घटक वर्षानुवर्षे मंजुरीच्या रांगेत अडकून राहिले. डब्यावरची ‘पीए’ आणि त्यापुढची अधिकची चिन्हे हीदेखील जपानने सुरू केलेली पद्धत. एसपीएफचा आकडा मुख्यतः त्वचा भाजण्यापासूनच्या संरक्षणाचा, तर पीएची चिन्हे काळवंडण्याशी जास्त संबंध असलेल्या किरणांबद्दल सांगतात. वांगाच्या बाईने दोन्ही पाहायला हवीत. हे मला औषध कंपनीच्या प्रतिनिधीने कधी सांगितले नाही. काउंटरवर उभ्या असलेल्या नर्सिंगच्या मुलीने विचारले, म्हणून मी वाचून काढले.

आता पैशांचे. इथल्या मोठ्या साइटवर हजार-बाराशेला असलेली ट्यूब हाँगकाँग किंवा सोलच्या साइटवर सेलमध्ये सात-आठशेला दिसते. चौघी मैत्रिणी मिळून एकच ऑर्डर देतात आणि शिपिंग वाटून घेतात. बारा हजार पगाराच्या मुलीने असा हिशेब केला तर त्याला मी उधळपट्टी म्हणणार नाही. शिवाय या मुली घटकांची यादी वाचतात. कॅनडातल्या टोरांटोच्या ‘द ऑर्डिनरी’ या ब्रँडने २०१६ मध्ये सीरमच्या बाटलीवर घटकाचे नाव आणि टक्केवारी ठळक छापून ती अगदी कमी किमतीत विकायला सुरुवात केली. दहा टक्के नियासिनामाइड म्हणजे दहा टक्के नियासिनामाइड, ना कुठली नटी, ना कुठले गुलाबाचे चित्र. पुढे २०२० मध्ये जयपूरमधून ‘मिनिमलिस्ट’ या ब्रँडने तोच मार्ग धरला आणि आज ती बाटली आपल्याकडे सहाशेच्या आत-बाहेर मिळते. म्हणजे परदेशी मालाशी तुलना झाल्यामुळे इथल्या ग्राहकाचा फायदाच झाला. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा गोरेपणाच्या क्रीमवर काय लिहिलेले असायचे ते आठवून पाहा. आत काय आहे, किती आहे, हे विचारायची पद्धतच नव्हती.

घटक वाचण्याचा आणखी एक प्रसंग. एक वारकरी घरातली मुलगी कोरियाहून मागवलेले इसेन्स घेऊन आली, चेहऱ्याला छान मानवले म्हणून खूश होती. सोबत आई, गळ्यात तुळशीची माळ. बाटलीवर इंग्रजीत स्पष्ट छापले होते की यात गोगलगायीचा स्राव आहे. मी ते वाचून दाखवले. आईने बाटली काउंटरवरच ठेवली, हात पदराला पुसले आणि मुलीला म्हणाली, “हे घरात नको वो बाई.” मुलीने वाद घातला नाही. तिला गोगलगाय नको असेल तर तांदळाच्या पाण्याचे, सेन्टेलाचे म्हणजे आपल्या मंडूकपर्णीचे असे दुसरे पर्याय त्याच दुकानात असतात, ते तिला दाखवले. परदेशी माल म्हणून तो टाकूनच द्यावा असे नाही आणि परदेशी म्हणून डोळे मिटून लावावा असेही नाही. डबा वाचायचा.

पण डबा वाचून प्रश्न संपत नाही. माझी खरी तक्रार पुढे आहे.

भारतात सौंदर्यप्रसाधने १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात आणि त्यांच्यासाठी २०२० मध्ये स्वतंत्र नियम झाले. परदेशातले क्रीम इथे आणून विकायचे असेल तर ते आधी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे नोंदवावे लागते. नोंदणी झाली की सीओएस-२ नावाचे प्रमाणपत्र मिळते. त्या प्रमाणपत्राचा क्रमांक आणि ज्याच्या नावावर ते आहे त्याचे नाव-पत्ता डब्यावर असावाच लागतो. प्रत्यक्षात हे बहुधा मागच्या बाजूला चिकटवलेल्या पांढऱ्या स्टिकरवर असते, त्यातच एमआरपी आणि आयात केल्याचा महिना. अक्षर इतके बारीक असते की माझ्यासारखीला चष्मा पुसून वाचावे लागते. पण त्या स्टिकरचा अर्थ फार मोठा आहे. उद्या या क्रीमने चेहरा भाजला तर भारतात एक माणूस, एक कंपनी, एक पत्ता आहे, जिथे औषध निरीक्षक जाऊन नमुना उचलू शकतो आणि नोटीस लावू शकतो.

सोलहून थेट मागवलेल्या पार्सलवर हे स्टिकर नसते. माल दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी बांधलेला असतो, त्यामुळे ते साहजिक आहे. त्यावरून तो बनावट ठरत नाही. नामांकित दुकानाकडून आला असेल तर बहुतेक वेळा चांगलाच असतो. त्या मुलीने आपल्या जबाबदारीवर, स्वतःसाठी मागवला, पैसे भरले, कस्टम ड्यूटी भरली, तर मी तिला नाव ठेवणार नाही. मी तिला एवढेच सांगते की काही बिघडले तर दाद मागायला इथे कोणी नाही, म्हणून नवी ट्यूब आधी कानामागे किंवा कोपराच्या आत लावून दोन दिवस थांब, मगच चेहऱ्याला लाव.

चिंता आहे ती मधल्या माणसांची. एखादी ताई किंवा दादा परदेशातून एकदम पंचवीस-तीस डबे मागवतो आणि इन्स्टाग्रामवर, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर, कॉलेजच्या गेटबाहेर विकतो. स्टिकर नाही, नोंदणी नाही, बिल नाही. बाजारातल्या ‘इम्पोर्टेड’ पाट्यांच्या दुकानांतही हेच. तो डबा कोरियात बनला, की दिल्लीच्या एखाद्या गाळ्यात भरला, हे मलाही नुसते पाहून सांगता येत नाही. “काकू, ओरिजिनल हाये का, पाहून सांगा ना,” म्हणत मुली येतात. बॅच नंबर, छपाई, झाकणाचे सील पाहून मी शंका तेवढी सांगू शकते, खात्री देऊ शकत नाही. कोरियन डब्यावर तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी असते, आणि ती बनवल्याची की संपण्याची हे त्यापुढच्या कोरियन अक्षरांवरून ठरते. बनवल्याची तारीख संपण्याची समजून चांगली ट्यूब फेकून दिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. युरोपातल्या डब्यांवर तर अनेकदा संपण्याची तारीखच नसते. तीस महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या मालाला तिथे ती सक्तीची नाही. उघड्या झाकणाच्या चित्रात ‘१२ एम’ असे लिहिलेले असते, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने.

पार्सलच्या प्रवासाबद्दलही सांगते. काही परदेशी विक्रेते ड्यूटी वाचावी म्हणून पाकिटावर ‘गिफ्ट’ लिहितात आणि किंमत नाममात्र टाकतात. मुलींना वाटते, दुकानदाराने आपल्यावर उपकार केले. पण राखी आणि जीवरक्षक औषधे सोडली तर टपाल किंवा कुरिअरने आलेला माल ड्यूटी न भरता ‘भेट’ म्हणून सोडवण्यावर डिसेंबर २०१९ पासून बंदी आहे. असे पाकीट कस्टममध्ये अडकले की आधार आणि पॅन मागणारा निरोप येतो. तो खरा की फसवा हे मुलींना कळत नाही. मागे एका मुलीने असाच आलेला लिंकचा मेसेज मला दाखवला होता. ऑर्डर दिलेल्या कुरिअरच्या साइटवर स्वतः जाऊन पार्सलचा क्रमांक टाकून बघ, मेसेजमधल्या लिंकवर पैसे भरू नकोस, असे तिला सांगितले. बरे, पार्सल सुटले तरी एप्रिल-मेमध्ये ते गोदामात, पत्र्याच्या गाडीत किती दिवस तापते याचा विचार कोणी करत नाही. व्हिटॅमिन सीचे सीरम उष्णतेने, हवेने पिवळे, मग तांबूस होते. तसे झालेले सीरम स्वस्त पडले असे म्हणता येत नाही. उन्हाळ्यात ते परदेशातून मागवू नये हे माझे स्पष्ट मत आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुख्यतः लिहिले ती. पारा.

परदेशी माल म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे कोरिया येतो. पण ऑनलाइन बाजारात दुसराही एक माल फिरतो. आठ दिवसांत गोरेपणा देणारा, छोट्या गोल डबीतला, दोनशे-तीनशे रुपयांचा. झीरो मर्क्युरी वर्किंग ग्रुप या संघटनांच्या जागतिक गटाने वेगवेगळ्या देशांत ऑनलाइन विकत घेऊन तपासलेल्या अशा क्रीमांमध्ये पारा सापडत आला आहे, आणि त्यातल्या बऱ्याचशा पाकिस्तान, थायलंड आणि चीनमध्ये बनलेल्या होत्या. आपल्या २०२० च्या नियमांनुसार डोळ्यांच्या भागासाठीची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत नकळत आलेला पारादेखील दहा लाख भागांत एका भागाहून जास्त चालत नाही. या डब्यांमध्ये तो हजारोंच्या घरात निघतो. पाऱ्यावरच्या मिनामाता करारात भारत २०१८ पासून सामील आहे. त्या कराराच्या देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हात ठरवले की प्रसाधनात मुद्दाम घातलेला पारा, कितीही थोडा असला तरी, २०२५ नंतर नकोच. कागदावर सगळे ठीक आहे. डबी मात्र मोबाइलवर दोन बोटांच्या अंतरावर आहे.

पारा का घालतात? कातडीतला रंग तयार करणारे टायरोसिनेज नावाचे विकर पाऱ्याच्या क्षारांमुळे अडते, रंग बनणे थांबते आणि चेहरा झपाट्याने उजळतो. नियासिनामाइडसारख्या सरळ घटकाला फरक दाखवायला आठ ते बारा आठवडे लागतात. कातडीचा वरचा थर बदलायलाच महिन्याच्या आसपास वेळ जातो. त्यामुळे ‘आठ दिवसांत’ हे शब्दच धोक्याची पहिली खूण. तोच पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. मग लघवीतून प्रथिने जायला लागतात, डोळ्यांभोवती आणि पायांना सूज येते.

२०२३ च्या सुरुवातीला आपल्याच अकोल्याची बातमी देशभर छापून आली होती. एका घरातल्या तिघी, शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, यांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. तपास मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत गेला आणि तिघी वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. ती डबी परदेशी साइटवरून आली होती असा माझा दावा नाही. मात्र अशी डबी घरात आली की ती एकीची राहत नाही, हे त्या बातमीने दाखवून दिले. त्याच सुमारास केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या मूत्रपिंडाच्या आजाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांतले १५ रुग्ण नेल-१ या विशिष्ट प्रकारातले होते आणि त्या १५ पैकी १३ जणांनी त्रासाआधी गोरे करणारी क्रीम वापरल्याचे सांगितले. हा अभ्यास २०२४ मध्ये ‘किडनी इंटरनॅशनल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२३ मध्ये ‘ऑपरेशन सौंदर्य’ नावाने दुकानांतून अशा मालाचे नमुने उचलायला सुरुवात केली.

या डब्यांवर ‘पारा’ असे कोणी छापत नाही. कधी कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, अमोनिएटेड मर्क्युरी अशी नावे असतात, बहुतेकदा काहीच नसते. पण काही डब्यांवर एक सूचना असते: सोने, चांदी, अॅल्युमिनियम यांना लागू देऊ नका. ही सूचना वाचली की मी डबी तिथेच बंद करायला सांगते. अंगठीला चालत नाही ते गालाला कसे चालेल? क्रीम उजेडात राहून करडी पडत असेल तर तेही पाऱ्याचे लक्षण असू शकते.

हिवाळ्यात लग्नसराईच्या आधी एक आई अशीच डबी घेऊन आली होती. मुलीचे लग्न ठरलेले. नातेवाइकांपैकी कोणीतरी ऑनलाइन मागवून दिलेली, दोन महिन्यांत मुलगी उजळ होईल म्हणून. डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आयातदार नाही, घटकांत फक्त ‘हर्बल’. मुलगी मागे उभी, खाली पाहत. ती छान सावळी, तरतरीत, फार्मसीचा डिप्लोमा करणारी. डबीत काय असू शकते हे तिला माहीत होते, पण घरात सांगायची सोय नव्हती. मी आईशी अर्धा तास बोलले. मुलाकडच्यांनी एकदा फोटो पाहून विचारले होते, “मुलगी जरा सावळी आहे का?” एवढ्यावर ही डबी घरात आली होती. ती मुलगी क्रीम वापरायची नाही असे ठरवून गेली. पुढे काय झाले ते मी विचारले नाही.

म्हणून त्या पत्रलेखकांना सांगावेसे वाटते, सनस्क्रीन मागवणारी मुलगी आणि अशी डबी हातात पडलेली मुलगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली स्वतःची कातडी सांभाळते, दुसरीच्या गळ्यात ती डबी घरातल्या मोठ्यांनीच बांधलेली असते. रागवायचे तर आपण मोठ्यांवर रागवू या. आणि संपादक महोदय, आपल्यालाही एक विनंती. आपल्या रविवारच्या वधू-वर जाहिरातींमध्ये ‘गोरी’, ‘उजळ वर्णाची’ हे शब्द आजही येतात. जाहिरात स्वीकारतानाच ते गाळले जावेत. तसा नियम करणे आपल्या हातात आहे आणि त्यासाठी कोणत्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरा धोका स्टेरॉइडचा. परदेशी डबी असो की गल्लीतली, ‘नाइट क्रीम’मध्ये बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल मिसळलेले असू शकते. चार दिवस चेहरा गुळगुळीत, मग लाल, पातळ, जरा उन्हात गेले की आग, आणि बंद केले की मुरुमांचा भडका. आपल्याकडे ही मलमे २०१८ पासून अधिक कडक नियमात आणून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली. माझ्या दुकानात चिठ्ठीशिवाय ती मिळत नाहीत, म्हणून रागावून गेलेली गिऱ्हाइके आहेत. मग तीच वस्तू दुसऱ्या नावाने पार्सलमधून येत असेल तर त्या नियमाचा उपयोग काय?

उलट बाजूही सांगायला हवी. मुरुमांवरचे ट्रेटिनॉइन अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीने घ्यायचे आणि तिथे ते महाग, म्हणून तिकडचे लोक आपल्या देशात बनलेली ट्यूब ऑनलाइन मागवतात. आणि इथली मुलगी अमेरिकेतून अॅडापलीन हे मुरुमांवरचेच दुसरे मलम मागवते, कारण तिथे २०१६ पासून ते चिठ्ठीशिवाय मिळते. तेच अॅडापलीन भारतात बनते आणि काही शे रुपयांत मिळते, फक्त स्किनच्या डॉक्टरांना एकदा चेहरा दाखवावा लागतो. सर्वोपचार या इथल्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ते अगदी थोडक्या खर्चात होते. गर्भवतींनी किंवा तशी शक्यता असलेल्यांनी ही मलमे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत, एवढे एक कारणही डॉक्टरांकडच्या त्या एका फेरीसाठी पुरेसे आहे. ही फेरी टाळण्यासाठी साता समुद्रापलीकडून ट्यूब आणणे मला पटत नाही.

जबाबदार माणूस असला की काय होते याचे एक उदाहरण. डिसेंबर २०२० मध्ये कोरियाच्या ‘प्युरितो’ या कंपनीचे एसपीएफ ५० पेक्षा जास्त असल्याचे छापलेले सनस्क्रीन युरोपातल्या प्रयोगशाळांत तपासले, तर ते १९ च्या आसपास निघाले. आपल्याकडेही ते अनेकींनी मागवलेले होते. पण कंपनीचे नाव होते, पत्ता होता, लोकांनी जाब विचारला, कंपनीने विक्री थांबवली. फसवणूक झाली तरी ती उघडी पडली. गोल डबीवाल्याला असा जाब कोणी विचारायचा?

शासनाकडे माझे मागणे फार नाही. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ग्राहक म्हणून ऑनलाइन ऑर्डर देऊन, इन्स्टाग्रामच्या विक्रेत्यांकडून आणि ‘इम्पोर्टेड’च्या दुकानांतून असे नमुने विकत घ्यावेत, पारा आणि स्टेरॉइडसाठी तपासावेत, आणि निकाल मराठीत, डबीच्या फोटोसह जाहीर करावेत. फोटो यासाठी, की ज्या बाईला इंग्रजी वाचता येत नाही ती डबीचा रंग आणि झाकण ओळखते. ते निकाल आपल्या वृत्तपत्राने पहिल्या पानावर छापावेत. ई-कॉमर्ससाठीचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम भारतातल्या ग्राहकांना नियमितपणे माल विकणाऱ्या परदेशी साइटलाही लागू आहेत. तक्रार निवारण अधिकारी नेमणे, ४८ तासांत तक्रार मिळाल्याचे कळवणे आणि एका महिन्यात ती सोडवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. माल कोणत्या देशातला ते दाखवणेही. वाचकांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तक्रारीच नसतील तर ‘आमच्याकडे काही आलेच नाही’ हे उत्तर ठरलेले आहे. ऑर्डरचा स्क्रीनशॉट, पाकीट आणि बॅच नंबर जपून ठेवा.

आणि ज्यांच्या घरात अशी पत्ता नसलेली डबी आज आहे त्यांच्यासाठी. क्रीम लावणे लगेच थांबवा. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज दिसत असेल, पायावर बोट दाबल्यावर खळगा राहत असेल किंवा लघवीला न विरणारा फेस येत असेल तर लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्या, ती तालुक्याच्या साध्या लॅबमध्येही होते. डॉक्टरांना क्रीमचे सांगायला लाजू नका, ते स्वतःहून विचारतीलच असे नाही. एकच टॉवेल आणि उशी वापरणाऱ्या लहान मुलांनाही दाखवा. डबी कचऱ्यात टाकू नका. झाकण घट्ट लावून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डॉक्टरांकडे न्या, कारण पारा तपासायला तीच लागते.

आपली,
एक फार्मासिस्ट वाचक, अकोला